कुसळ रुततं कसं?

पावसाळा सरला की माळावरून चालणाऱ्याच्या पायमोज्यांत अडकतं, ते बहुधा कुसळी गवताचं (हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस) बी. टोक सुईसारखं आणि त्यावर मागे वळलेले ताठ केस; त्यामुळे आत सहज शिरतं, निघताना मात्र अडतं. मागची लांब काळपट शेपटी ओल लागली की उलगडते, वाळली की पुन्हा पिळते. या फिरण्यानेच बी स्वतःला जमिनीत गाडून घेतं. यंत्रणा झकास, पण मेंढीला तिचं काय कौतुक? तेच बी लोकरीतून कातडीत घुसतं, गुरांच्या तोंडाला जखमा करतं. गवत मात्र वाईट नव्हे. कोवळेपणी गुरं ते आवडीने खातात. हवाई बेटांवर तर पूर्वी याच गवताने घरं शाकारत. वैरणीसाठी कापायचं, तर कुसळं धरण्याआधीच कापावं.