शहरात आपले कोणी नसताना

परगावी निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘केव्हा निघणार?’ आणि दुसरा, ‘कोठे उतरणार?’ मराठीतील ‘उतरणे’ हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. माणूस गाडीतून उतरतो आणि कोणाच्या तरी घरीही उतरतो. गाडीतून उतरणे सोपे असते. त्यासाठी तिकीट पुरते. परंतु घरी उतरण्यासाठी त्या गावात आपले माणूस असावे लागते.

ज्यांच्या घरातील कोणी ना कोणी आधीच मुंबई-पुण्यास नोकरीला गेलेले आहे, त्यांना हा प्रश्न पडत नाही. पण आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी असे आहेत की, ज्यांच्या घरातून शहर पाहायला निघालेले तेच पहिले. चित्रप्रदर्शन पाहावे, संग्रहालय पाहावे, एखादे मोठे ग्रंथालय आतून कसे असते ते पाहावे, अशी इच्छा मनात येते. घरी विषय काढला की वडील विचारतात, “तिथं कोन हाये आपलं?” या प्रश्नाला उत्तर नसले की बेत तेथेच मोडतो. मुलींच्या बाबतीत तर सर्व काही याच उत्तरावर अवलंबून असते. म्हणून चार दिवसांच्या प्रवासात मुक्काम कोठे करावा, हा विषय वरवर किरकोळ दिसला तरी तो तसा नाही. मुक्काम ठरला तर प्रवास होतो. नाही तर होत नाही.

पूर्वीच्या लोकांनी या प्रश्नावर निरनिराळी उत्तरे शोधली होती. कोकणातील व घाटावरील गावांनी मुंबईच्या गिरणगावात गावकीच्या खोल्या ठेवल्या होत्या. गावातून निघालेला माणूस वळकटी घेऊन सरळ त्या खोलीवर जाई. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा होत्या. आपल्या जिल्ह्यातच कारंजा व शिरपूर येथे येणाऱ्या भाविकांची सोय अशीच होत आलेली आहे. मात्र या सर्व सोयी कोणाच्या तरी होत्या. कोणी गावाच्या, कोणी जातीच्या, कोणी पंथाच्या. जो त्यांत बसत नसे, त्याला दार बंद असे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९१७ सालचे आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी सराईत त्यांनी पारशी नाव सांगून आश्रय घेतला. थोड्याच दिवसांत ही गोष्ट फुटली, काठ्या घेतलेले लोक चालून आले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. हा प्रसंग त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवला आहे. खिशात पैसे होते, अंगी विद्वत्ता होती, संस्थानची नोकरी होती. नव्हती ती फक्त उतरण्याची जागा.

साता समुद्रापलीकडेही हिंदी विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न होता, फक्त कारण वेगळे होते. लंडनमध्ये वर्णभेदामुळे अनेक घरमालकिणी त्यांना खोली देत नसत. म्हणून १९०५ साली पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागात ‘इंडिया हाऊस’ हे वसतिगृह उघडले. १९०६ साली लंडनला गेलेले वि. दा. सावरकर तेथेच राहिले. पुढे १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर लंडनच्या ‘किंग हेन्रीज रोड’वरील दहा क्रमांकाच्या घरात राहून अभ्यास करीत होते. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले व तेथे त्यांचे स्मारक केले.

आपल्या वऱ्हाडचे संत गाडगेबाबा यांनी हा प्रश्न बरोबर ओळखला होता. देवळे बांधण्यापेक्षा त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताची राज्यघटना अंमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला हॉटेलात प्रवेश नाकारता येणार नाही. म्हणजे शहरात आपले कोणी नसले तरी उतरण्याचा हक्क आपल्याला आहे. आता उरतो तो निवडीचा प्रश्न. ही निवड कशी करावी ते पाहू.

पहिली गोष्ट, मुक्काम भाड्यावरून न ठरवता कामावरून ठरवावा. मुंबईचेच उदाहरण घेऊ. आपण अकोल्याहून रात्रीच्या गाडीने निघालो की सकाळी दादर लागते व नंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. मुंबई ही दक्षिणोत्तर लांब पसरलेली चिंचोळी नगरी आहे. जहांगीर कलादालन, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, विद्यापीठाची जुनी इमारत, एशियाटिक ग्रंथालय आणि गेटवे ऑफ इंडिया ही सर्व ठिकाणे दक्षिण टोकाला, टर्मिनसपासून पायी सुमारे अर्ध्या तासाच्या आत आहेत. ज्याला हीच पाहावयाची आहेत त्याने लांबच्या उपनगरात स्वस्त खोली घेतली, तर काय होईल? रोज जाण्यायेण्यात अडीच तास गेले असे धरले, तरी चार दिवसांत दहा तास जातात. म्हणजे पाहण्याचा एक पूर्ण दिवस लोकलच्या गर्दीत गेला. शिवाय भाडे वेगळेच. दक्षिणेकडील खोली परवडत नसेल, तर दादर हा मधला मार्ग आहे. कारण मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वे तेथे मिळतात.

युरोपातील शहरांचाही हिशेब असाच आहे. पॅरिसचे १८६० पासून वीस विभाग आहेत. त्यांचे क्रमांक मध्यभागापासून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखासारखे बाहेर फिरत जातात. त्यामुळे पत्त्यातील क्रमांकावरून जागा मध्यापासून साधारण किती दूर आहे याचा अंदाज येतो. व्हिएन्नात जुना तट पाडून त्या जागी रुंद वर्तुळमार्ग केला. त्याच्या आतले जुने शहर महाग, बाहेरचे स्वस्त. तेथील जाणते प्रवासी बाहेर राहतात खरे, पण भुयारी रेल्वेचे किंवा ट्रामचे स्थानक जवळ आहे की नाही हे पाहूनच. युरोपातील बहुतेक देशांचा प्रवासी व्हिसा मागताना मुक्काम कोठे आहे याचा पुरावाच द्यावा लागतो. ‘कोठे उतरणार?’ हा वडिलांचा प्रश्न तेथे सरकार विचारते!

दुसरी गोष्ट, दिवस कसा मोजतात ते आधी विचारावे. काही लॉजमध्ये आपण आल्यापासून चोवीस तास धरतात. काही ठिकाणी दुपारी बारा ते दुसऱ्या दुपारचे बारा असा दिवस मोजतात. आपली गाडी सकाळी सातला पोहोचली आणि लॉज बारा ते बारा मोजणारे निघाले, तर पाच तासांसाठी संपूर्ण दिवसाचे भाडे पडू शकते. अशा वेळी सामान स्थानकावरील क्लोकरूममध्ये ठेवावे, प्रतीक्षालयात हातपाय धुऊन शहर पाहावयास निघावे आणि दुपारी बारानंतर खोली घ्यावी.

तिसरी गोष्ट, किती प्रकारच्या जागा आहेत हे माहीत असावे. मोठ्या स्थानकांवर रेल्वेच्या विश्रामखोल्या व सामायिक शयनगृहे असतात; ज्याच्याजवळ प्रवासाचे पक्के तिकीट आहे त्याला ती मिळतात. एकट्या माणसाला शयनगृहातील एक खाट पुरते, पूर्ण खोलीचे भाडे भरण्याचे कारण नाही. तरुणांची वसतिगृहे ही कल्पना मूळची जर्मनीतील. रिचर्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांना १९०९ साली विद्यार्थ्यांना पायी सहलीवर नेताना ती सुचली आणि १९१२ साली आल्टेना येथील किल्ल्यात असे पहिले कायमचे वसतिगृह सुरू झाले. एकावर एक खाटा, सामायिक स्वयंपाकघर आणि थोडे भाडे, ही त्याची रीत आता जगभर पसरली आहे. भारतातही अशी वसतिगृहे आहेत. मुलींनी स्त्रियांसाठी असलेली वसतिगृहे किंवा शयनगृहातील स्त्रियांचा वेगळा कक्ष आधी पाहावा, आणि रात्री स्थानकावरून तेथपर्यंतचा रस्ता वर्दळीचा आहे ना, हे भाड्याच्याही आधी विचारावे.

धर्मशाळांविषयी एक पथ्य पाळावे. मुंबईत दादर येथे गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या रोग्यांना व त्यांच्या नातेवाइकांना तेथे आसरा मिळतो. अशा ठिकाणची खाट सहलीसाठी मागणे योग्य नव्हे. स्वस्त आहे म्हणून ती आपल्यासाठी आहे असे होत नाही.

शेवटची गोष्ट कागदपत्रांची. ओळखपत्र सर्वत्र लागते. खोली आधी पाहावी, मगच पैसे द्यावे आणि पावती घ्यावी. खोलीचे दार आतून नीट लागते का, पाणी केव्हा येते, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. आपण भाडे देतो. कोणाचे उपकार घेत नाही.

वरील माहिती शहरातल्या मुलाला घरबसल्या मिळते. त्याचे काका, मामा, आत्या ती सांगतात. आपले काका-मामा शेतात आहेत. त्यांना ती कोणी सांगितलीच नाही. तेव्हा हे काम आपणच एकमेकांसाठी केले पाहिजे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक साधी वही ठेवावी. परीक्षेसाठी, स्पर्धेसाठी किंवा सहलीसाठी जो विद्यार्थी बाहेरगावी जाऊन येईल, त्याने तीत चार ओळी लिहाव्यात. कोठे उतरलो, भाडे किती पडले, दिवस कसा मोजला, जवळचे स्थानक कोणते. मुलींनी आपला अनुभव स्वतंत्र पानावर लिहावा. दोन-तीन वर्षांत ती वही भरेल. मग मागाहून येणाऱ्या एखाद्या मुलीला घरी तो प्रश्न विचारला गेला, तर ती वही दाखवून सांगू शकेल की, आपल्या कॉलेजच्या मुली मागच्या वर्षी येथेच उतरल्या होत्या.