हवेत उमटणारा निळा प्रकाश

हिवाळ्यात रात्री रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरून वर पाहिलं, की तांबूस रोहिणी चटकन सापडते. तिच्या पूर्वेला, वृषभाच्या शिंगाच्या टोकाजवळ खेकडा तेजोमेघ आहे. इ. स. १०५४ मध्ये आकाशात फुटताना दिसलेल्या ताऱ्याचे हे अवशेष सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूर आहेत. तिथून निघालेले उच्च ऊर्जेचे गॅमा किरण रत्नागिरीवरच्या हवेवरही आदळतात. साध्या प्रकाशकणाच्या हजारो कोटी पट ऊर्जा असूनही त्यांतला एकही जमिनीपर्यंत पोचत नाही.

तरीही शास्त्रज्ञ ते जमिनीवरूनच टिपतात, आणि मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. खूप उंचावर गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. त्या जोडीतून पुन्हा गॅमा, पुन्हा जोड्या, असा कणांचा वर्षाव सुरू होतो. निर्वातातल्या प्रकाशाचा वेग कुणालाच ओलांडता येत नाही, पण हवेत प्रकाश किंचित मंदावतो आणि हे कण त्याला मागे टाकतात. तेव्हा निळसर चेरेंकॉव्ह प्रकाश उमटतो. तो टिकतो सेकंदाचे काही अब्जांश भाग, आणि जमिनीवर सुमारे अडीचशे मीटर रुंदीच्या वर्तुळात पसरतो. त्या वर्तुळात आरसा असला की पुरे.

अणुभट्टीच्या पाण्यात दिसणारी निळी झळाळीही हाच प्रकाश. ट्रॉम्बेची 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, तीही पाण्याच्या टाकीतलीच भट्टी. अणुशक्ती म्हटलं की आपल्या जिल्ह्यात बोलणं जैतापूरच्या अणुप्रकल्पावर येतं आणि तिथेच थांबतं. पण त्याच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमध्ये हानले इथे, सुमारे ४,२७० मीटर उंचीवर, हवेतला हाच निळा प्रकाश टिपणारी 'मेस' ही दुर्बीण उभारली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. तिच्या आरशाचा व्यास २१ मीटर आहे आणि कॅमेऱ्यात १,०८८ प्रकाशसंवेदी नळ्या आहेत.

ती कोकणात का नाही? आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने वायाच जातील. उरलेल्या काळात दमट, खारी हवा आणि गावाबंदरांतले दिवे हा क्षीण प्रकाश गिळून टाकतील. हानलेत हवा कोरडी, रात्र काळीकुट्ट. शिवाय उंचीमुळे वर्षाव जवळ येतो, म्हणून कमी ऊर्जेचे गॅमाही हाती लागतात.

खरी कसोटी निवडीची आहे. वैश्विक किरणांतले प्रोटॉनही असाच प्रकाश पाडतात, आणि ते गॅमांपेक्षा कितीतरी जास्त असतात. गॅमाची प्रतिमा सडपातळ, लंबगोल. प्रोटॉनची पसरट, विस्कटलेली. या आकारावरूनच अमेरिकेतल्या व्हिपल वेधशाळेने १९८९ मध्ये खेकडा तेजोमेघाचे गॅमा पहिल्यांदा खात्रीने ओळखले.

'मेस' अजून एकटीच आहे. नामिबियातल्या 'हेस'सारख्या प्रकल्पात अनेक दुर्बिणी एकच वर्षाव वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात, त्यामुळे किरणाची दिशा आणि ऊर्जा अधिक नेमकी कळते. हानलेत दुसरा आरसा लवकर उभा राहायला हवा.