मदरबोर्ड बदलल्यावर लिनक्स

संगणकाचा मदरबोर्ड जळाला, दुकानदाराने नवा बसविला, डिस्क जुनीच ठेवली. आणि बटण दाबताच पडद्यावर ‘सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाची ओळ उमटली, की बहुतेक माणसे एकच निष्कर्ष काढतात: आतले सगळे गेले. दुकानदारही सल्ला देतो, डिस्क पुसा आणि सर्व नव्याने भरा. आमच्या युनियनच्या कचेरीत ही वेळ आली, तेव्हा त्या डिस्कवर बंद पडलेल्या एका कारखान्यातील कामगारांच्या ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे कागद होते. कोणाची किती वर्षे नोकरी झाली, हे त्या कागदांवरून ठरायचे होते. ‘पुसा’ हा शब्द आम्हांला त्या दिवशी फार जड गेला.

वस्तुतः बहुधा काहीच गेलेले नसते. यंत्र सुरू होताना काय घडते ते पाहिले म्हणजे हे ध्यानात येईल. वीज मिळताच प्रथम जागा होतो तो मदरबोर्डवरील एका चिपमधला लहानसा प्रोग्राम. पूर्वी त्यास बायॉस म्हणत. आताच्या यंत्रांत ती जागा यूईएफआयने घेतली आहे. हा गिरणीतला मुकादम समजा. त्याच्यापाशी एक मस्टर असते आणि त्यात ‘अमुक डिस्कवरील अमुक फाइलला हाक मार’ असे लिहिलेले असते. ती फाइल म्हणजे ग्रब. ग्रब लिनक्सच्या कर्नलला उठवितो आणि पुढचे सर्व कर्नल पाहतो. खरी गोम अशी की, हे मस्टर डिस्कवर नसते. मदरबोर्डच्याच स्मृतीत असते. बोर्ड गेला की मस्टर गेले. नव्या मुकादमाची वही कोरी. कामगार फाटकाशी उभे आहेत, पण नाव पुकारले जात नाही. ज्यांनी बदली कामगाराचे दिवस काढले आहेत त्यांना हे चित्र अधिक समजावून सांगायला नको.

वही कोरी असली तरी मुकादम एक ठरलेली जागा पाहतो. डिस्कच्या आरंभी बहुधा एक लहान विभाग असतो. त्यातील ‘ईएफआय’ फोल्डरात ‘बूट’ फोल्डर, आणि त्यात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल. ती असेल तर यंत्र आपोआप उठते. उबुंटू तेथे प्रत ठेवते. डेबियन मुद्दाम सांगितल्याशिवाय ठेवीत नाही. आमचे यंत्र डेबियनचे होते.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी नव्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये डोकावावे. डिस्क तेथे दिसते की नाही? ती ‘रेड’ पद्धतीवर लावली असेल तर ‘एएचसीआय’वर आणावी. लिनक्स जुन्या बायॉस पद्धतीने बसविलेले असेल तर ‘सीएसएम’ नावाची सवलत चालू करावी लागते, आणि काही नव्या बोर्डांत ती मुळी नसतेच. सिक्युअर बूट आड येत असेल तर तात्पुरते बंद करावे. पुष्कळांचे काम एवढ्यावरच भागते.

नाही भागले, तर पेनड्राइव्हवरील लाइव्ह लिनक्सने यंत्र सुरू करावे. मात्र यूईएफआय पद्धतीनेच, नाहीतर नव्या वहीत लिहिण्याची वाटच उघडत नाही. मग जुन्या डिस्कचा मुख्य विभाग माउंट करावा, त्याच्या आत ‘बूट’खालील ‘ईएफआय’ या जागी तो लहान विभाग माउंट करावा, आणि ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ व ‘सिस’ हे तीन फोल्डर तेथे जोडून घ्यावेत. यानंतर ‘चरूट’ या आज्ञेने आपण पेनड्राइव्हवर असूनही जुन्या घरात शिरतो. आत गेल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ या दोन आज्ञा. पहिलीने मस्टरात नाव चढते. तिलाच पेनड्राइव्हसारख्या साधनांसाठी असलेली जास्तीची खूण जोडली तर ठरलेल्या जागीही प्रत बसते, आणि पुढचा बोर्ड जळाला तरी चिंता नाही. फेडोरासारख्या प्रणालीत आरंभीची प्रतिमा जुन्या यंत्रापुरतीच बेतलेली असते. तेथे ती नव्याने बांधावी.

कर्नलला बोर्डाच्या बदलाचे फारसे सोयरसुतक नसते. प्रत्येक वेळी उठताना तो यंत्रसामग्री नव्याने तपासतो आणि लागतील ते ड्रायव्हर उचलतो. परवान्याचाही अडसर नाही. यंत्राबरोबर विकत मिळणाऱ्या विंडोजचा परवाना बोर्डाशी बांधलेला असतो; लिनस टोरव्हाल्ड्स यांनी 1991 साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना सुरू केलेले लिनक्स 1992 पासून जीपीएल परवान्याखाली आहे, आणि त्यास कोणता बोर्ड हे कोणी विचारीत नाही. आम्हां चळवळीतल्या माणसांना हे विशेष भावते.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. डिस्क कुलूपबंद असेल आणि तिची किल्ली बोर्डावरील टीपीएम चिपमध्ये ठेवली असेल, तर ती किल्ली बोर्डाबरोबर जाते. तेव्हा लेखी ठेवलेला परवलीचा शब्दच उपयोगी पडतो. तो नसेल तर मात्र दुकानदाराचे म्हणणे खरे ठरते.

यंत्र उठल्यावरही नेटवर्क न चालण्याचा संभव असतो, कारण नेटवर्क कार्डाचे नाव त्याच्या बोर्डावरील जागेवरून पडते. जागा बदलली की नाव बदलते, आणि जुन्या फाइलीत जुनेच नाव राहते. ‘आयपी लिंक’ या आज्ञेने नवे नाव पाहून फाइलीत तेवढा एक शब्द बदलला की काम झाले.