मिगची मर्जी

लढाऊ विमानाचा सिम्युलेटर घरी बसवायचा म्हटलं की लोक आधी ग्राफिक्स कार्डाची चौकशी करतात. माझं मत विचाराल तर पहिली चौकशी खुर्चीची करावी. ऑफिसातली चाकांची खुर्ची आणि पायाखाली रडरची पेडलं, ही जोडी एका घरात नांदत नाही. डावं पेडल जोरात दाबलं की विमान वळायच्या आधी खुर्ची मागे जाते, आणि ऐन धावपट्टीवर तुम्ही पलंगाला जाऊन टेकता. कुणी चाकं काढून टाकतं, कुणी ती जुन्या चपलांत बसवतं, कुणी पेडलांचा पाट आणि खुर्चीचा खांब नायलॉनच्या पट्ट्याने एकमेकांना बांधून टाकतं. माझ्याकडे पट्टा आहे. दिसायला वाईट, पण जागचा हलत नाही.

दुसरी चौकशी सुताराची. जॉयस्टिक टेबलावर ठेवून उडवलं तर हात अधांतरी राहतो आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो. जुन्या लढाऊ विमानांत ती दोन मांड्यांच्या मधे, जमिनीतून वर आलेली असते. तशी ती आणायची तर खुर्चीच्या बैठकीखालून पुढे येणारी प्लायवुडची फळी हवी. हे सुताराला समजावणं हा स्वतंत्र कार्यक्रम असतो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फळी अठरा एमएमची घ्या, बाराची वाकेल, एवढंच सांगितलं. बरोबर सांगितलं. स्टिक खाली गेली की तिला लांब नळी जोडता येते, आणि दांडा लांब झाला की तेवढ्याच वळणासाठी हात जास्त हलवावा लागतो, म्हणजे बारीक हालचाल ताब्यात येते. या फळीने माझ्या नेमबाजीत जेवढी सुधारणा झाली तेवढी कुठल्याही महागड्या खरेदीने झाली नाही.

पैशांचं म्हणाल तर काही हजारांतल्या स्टिकपासून सुरुवात होते आणि वरच्या टोकाला लाखही पुरत नाही. स्वस्त स्टिकमध्ये आत पोटेन्शिओमीटर असतात. घासून घासून ते झिजतात, मग हात स्थिर असला तरी विमान आपोआप कुरकुरत डोलायला लागतं. चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर असलेली स्टिक घेतली तर हा त्रास टळतो. बाकी सगळं सेटिंगांत आहे. मधल्या बिंदूपाशी थोडी मृत जागा ठेवायची, प्रतिसादाची रेषा सरळ न ठेवता मधे थोडी सपाट करायची, म्हणजे लहान हालचालीला विमान दचकत नाही. यात एक रविवार सहज जातो.

पण हवाई लढाई बोटांनी होते त्याहून जास्त मानेने होते. शत्रू समोर क्वचित असतो. तो डोक्यावर, खांद्यामागे, शेपटीखाली असतो आणि नजरेतून निसटला की संपलं. म्हणून डोक्याची हालचाल टिपणारी सोय हवी. टोपीवर तीन इन्फ्रारेड दिवे लावायचे, स्क्रीनवर एक कॅमेरा, आणि तुम्ही मान वीस अंश वळवली की कॉकपिटातली नजर पार मागे जाते. डोळे मात्र स्क्रीनवरच राहतात. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, नंतर विसरायला होतं. यासाठी तयार संच मिळतात, पण ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरही चेहरा ओळखून काम भागवतं. इन्फ्रारेडवाल्यांनी पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावावा. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, आणि दुपारी चारला कॅमेऱ्याला सूर्यच तुमची टोपी वाटतो.

आता विमान. मी डीसीएस वापरतो. ईगल डायनॅमिक्सचा हा सिम्युलेटर मुळात फुकट मिळतो. त्यासोबत रशियन सु-२५टी आणि मस्टँगची निःशस्त्र आवृत्ती येते, आणि उडायला काळ्या समुद्राच्या पूर्वेचा कॉकेशसचा मुलूख. बाकीची विमानं एकेक विकत घ्यायची. आणि इथेच बहुतेकांचा छंद बिघडतो. सेल लागला की हॉर्नेट, पुढच्या सेलला टॉमकॅट, मग एक हेलिकॉप्टर. प्रत्येकाचं मॅन्युअल शेकडो पानांचं. सहा महिन्यांनी या मंडळींकडे दहा विमानं असतात आणि एकाचंही इंजिन कागद न बघता सुरू करता येत नाही. एकच विमान घ्यावं आणि वर्षभर त्याच्याशीच राहावं, असं माझं ठाम मत आहे. शत्रू दुय्यम असतो. खरी झटापट आपल्याच विमानाशी असते, आणि त्यासाठी त्याचा स्वभाव कळावा लागतो.

माझं विमान मिग-२१ बिस. सिम्युलेटरमध्ये ते २०१४ साली आलं. आपल्याकडे मिग-२१ हे १९६३ साली चंडीगडला आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडलाच निवृत्त झालं. मधल्या काळात नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं शेकड्यांनी तयार झाली. त्यामुळे नाशिककडच्या कितीतरी घरांत मिग हा शब्द पगाराशी, कॉलनीशी, पाळीच्या बसशी जोडलेला आहे. अमेरिकी विमानांच्या मानाने याची कॉकपिट गरीब. रंगीत पडदे नाहीत, नकाशा नाही. निळसर-हिरव्या रंगाच्या भिंती, गोल गोल डायली, आणि उजव्या हाताला स्विचांची अशी गर्दी की पहिल्यांदा बघणारा गप्पच होतो.

थंड पडलेलं मिग सुरू करताना क्रम पाळावा लागतो. आधी बॅटरी. मग इन्व्हर्टर, कारण बऱ्याच उपकरणांना एसी वीज लागते. जायरो, इंधनपंप, आग विझवायची यंत्रणा. थ्रॉटल मागच्या खाचेतून निष्क्रिय गतीला आणायचा आणि स्टार्टचं बटण दाबायचं. आरपीएमच्या डायलवर दोन काटे आहेत, कारण इंजिनात दोन कॉम्प्रेसर आहेत. एक काटा पुढे, दुसरा त्याच्यामागून रेंगाळत वर चढतो, तापमानाचा काटा उडी घेतो आणि परत खाली बसतो. मग जनरेटर. कॅनॉपी नुसती लावून चालत नाही. ती लॉक करायची, तिच्या कडेच्या रबरी नळीत हवा भरायची, मग हवेचा दाब चालू करायचा. रडारला आधी स्टँडबायवर तापू द्यायचं. यातलं एक जरी राहिलं तरी विमान लगेच बोलत नाही. दहा किलोमीटर उंचीवर गेल्यावर बोलतं.

सगळ्यात मजा इंधनाच्या काट्याची. टाकीत किती आहे हे तो मोजतच नाही. उड्डाणापूर्वी वैमानिकाने एक खुंटी फिरवून आकडा लावून द्यायचा, मग इंजिनाने जेवढं प्यायलं तेवढं तो वजा करत जातो. तुम्ही जास्त लावलात तर काटा शेवटपर्यंत खुशाल जास्त दाखवील. आजच्या काळात स्वतःवर इतकी जबाबदारी टाकणारं यंत्र मला दुसरं माहीत नाही.

आमच्या शेजारचे एक काका ओझरला नोकरीला होते. एकदा मी हे सगळं करत असताना ते येऊन मागे उभे राहिले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, डोक्यावर पंखा लावून मिग चालवतोस?” मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या मिगच्या कॉकपिटात काय होतं ते त्यांनी सांगितलं; खाली उडताना तिथल्या एसीचा फारसा उपयोग होत नसे, आणि वैमानिक उतरायचे तेव्हा ओव्हरऑलवर घामाचे पांढरे नकाशे असायचे. “आणि वास कुठाय?” असं त्यांनी विचारलं. इंजिनातून येणारा जळक्या केरोसीनचा वास. मी म्हटलं, “तो डाउनलोड होत नाही, काका.” ते हसले नाहीत. उजव्या भिंतीवरचा एक स्विच दाखवून त्यांनी विचारलं, तो वर आहे का? खाली होता.

तसं पाहिलं तर सिम्युलेटर जन्मापासून असाच जुगाडू आहे. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंकने वैमानिकांना शिकवायला पहिलं यशस्वी यंत्र बनवलं, ते वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातल्या भात्यांवर. हवा भरली की लाकडी विमान डुले. आपल्या पेटीचा भाता बघताना मला हल्ली तेच आठवतं. छंदाच्या बाजूलाही हीच चिकाटी. १९९८ साली निघालेल्या फाल्कन ४.० या सिम्युलेटरची मूळ संगणकीय संहिता २००० साली बाहेर फुटली, आणि तेव्हापासून हौशी लोक ते दुरुस्त करत, वाढवत आले आहेत. कोरियावर उडणारं ते एफ-१६ आजही जिवंत आहे.

पण मिगकडे परत येतो. याच्या पुढच्या चाकाला सुकाणू नाही. वळायचं तर स्टिकवरची ब्रेकची कळ दाबून एक पेडल पुढे ढकलायचं, मग त्या बाजूचं चाक अडतं आणि नाक वळतं. ब्रेक हवेवर चालतात. टॅक्सीवेवर फुस्स, फुस्स करत, दारू प्यायल्यासारखी नागमोडी चाल. उड्डाण त्यामानाने सोपं: आफ्टरबर्नर लावा, नाक सरळ धरा, थांबा.

हवेत गेल्यावर कळतं की हे विमान कशासाठी बांधलं आहे. झपकन वर चढणं, एकदा झडप घालणं, निघून जाणं. वळणाच्या कुस्तीत ते पडतं. त्रिकोणी पंख सुरुवातीला सुंदर वळण देतात, पण त्याची किंमत वेगात वसूल करतात; स्टिक पोटाशी ओढून धरली की विमान थरथरतं, स्क्रीनच्या कडा काळ्या होतात, आणि वेग असा गळतो की दुसऱ्या वेढ्याला तुम्ही आकाशात लटकलेले असता. आफ्टरबर्नर धरून ठेवला तर काही मिनिटांत टाकीचा तळ दिसतो. तोफेत दोनशे गोळ्या, कळ दाबून ठेवली तर चार सेकंदांच्या आत संपतात. मागचं जवळजवळ दिसत नाही. समोरच्या जाड काचेतून आणि नेमयंत्राच्या ठोकळ्यामागून पुढचंही बेताचंच दिसतं. नवखे लोक या सगळ्याला दोष म्हणतात. सवय झाली की याच्याच आधारे बेत आखता येतो: सूर्याच्या बाजूने या, खालून या, एक क्षेपणास्त्र सोडा, मागे वळून बघू नका.

आणि आपल्याला दिसत नसलं तरी कुणाला तरी दिसत असतं. ऑनलाइन उडताना एखादा मित्र लढत नाही. तो रडारचा पडदा उघडून जमिनीवरचा नियंत्रक होतो. रेडिओसाठी एसआरएस नावाचं वेगळं सॉफ्टवेअर असतं, त्यात अंतर वाढलं की आवाज खरखरतो आणि डोंगराआड गेलात की तुटतो. कॉकेशसमधल्या कुताइसीहून उडून उत्तरेच्या बर्फाळ रांगांत शिरलं की कानात फक्त इंजिन उरतं. मग कड्यावरून वर येताच तो परत ऐकू येतो: दिशा शून्य चार शून्य, अंतर तीस, उंची चार हजार. आमचे आकडे इंग्रजीत असतात, शिव्या मराठीत. मला विचाराल तर या छंदातलं सर्वोच्च सुख हेच: दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून रिकाम्या आकाशात वळणं, आणि तिथे खरोखर एक ठिपका असणं. झटापट दोन मिनिटांची. ती हरलो तरी मला फारसं काही वाटत नाही.

उतरणं मात्र मनाला लावून घेतो. मिग ताशी सुमारे ३४० किलोमीटरच्या वेगाने जमिनीकडे येतं. फ्लॅपवरून इंजिनातली हवा फुंकून ते पंखांना जास्तीची उचल देतं, आणि यातच मेख आहे. वेग थोडा जास्त वाटला म्हणून थ्रॉटल झटकन मागे घेतला तर इंजिन मंदावतं, फुंकर कमी होते, उचल जाते, आणि विमान उतरत नाही, पडतं. म्हणून शेवटपर्यंत पॉवर धरून ठेवायची. अंगातली प्रत्येक सवय थ्रॉटल मागे ओढ म्हणत असते तेव्हा. चाकं टेकली की मगच तो मागे. मग शेपटीतलं पॅराशूट, आणि खुर्चीचा पट्टा ताणेपर्यंत पेडलं.

हे करताना एक आकडा मी विसरू शकत नाही. १९७१-७२ पासून मिग विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक गेले, असं संरक्षणमंत्र्यांनी २०१२ साली संसदेत सांगितलं होतं. माझं विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळलं तर मी एस्केप दाबतो आणि चहा ठेवतो. जो छंद आपण गंभीरपणे करतो, त्यात भीतीच नाही, त्यामुळे तो खरा नाही, असं म्हणणारे भेटतात. बरोबर आहे त्यांचं. पण तो उतरण्याचा क्षण हाताने शंभरदा केल्याशिवाय, विशीतली मुलं या विमानात नेमकं काय सांभाळत होती ते मला नुसत्या आकड्यावरून कधीच कळलं नसतं.

उड्डाण संपलं की खरी भांडणं सुरू होतात. टॅकव्ह्यू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सबंध लढाई नोंदलेली असते; विमानं धाग्यांसारखी रेषा सोडत फिरतात, वेग, उंची, कुणी कितीला सोडलं, सगळं. “मी तुझ्या मागेच होतो” म्हणणारा बारा किलोमीटर लांब डोंगराभोवती चकरा मारत असल्याचं तिथे निघतं. परवा आमच्यातला एक जण सगळ्यांच्या आधी परतीला लागला होता आणि इंधन संपत आलं होतं असं शपथेवर सांगत होता. टॅकव्ह्यूत बघितलं तर टाकी निम्मी भरलेली. त्याने तासभर हुज्जत घातली, मग कबूल केलं: उड्डाणापूर्वी काट्याची खुंटी फिरवायला विसरला होता.