डोळ्यांतील काचाभ पिंड व त्याचें मोजमाप

गेल्या वर्षीं शरीरशास्त्राच्या तासाला बकऱ्याचा डोळा कापून दाखवीत असतां भिंगामागचा पारदर्शक गोळा बशींत उतरला. मागील बांकावरील एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "सर, हें पाणी म्हणावयाचें कीं घन पदार्थ?" मीं उत्तराची जुळवाजुळव करीत होतों, तोंच गोळा बसका होऊन त्याच्याभोंवतीं पाणी जमूं लागलें. या साध्या गोष्टींत शास्त्रज्ञांना दीर्घकाळ चकविणारी एक अडचण दडलेली आहे.

या गोळ्यास काचाभ पिंड म्हणतात. मनुष्याच्या डोळ्यांत तो सुमारें ४ मिलिलिटर असतो. त्यांत शेंकडा ९८ किंवा अधिक पाणीच; उरलेल्या अल्प भागांत कोलॅजनचे अतिसूक्ष्म तंतु व हायालुरॉनिक आम्ल हीं मुख्य. हें आम्ल कार्ल मायर व जॉन पामर यांनीं १९३४ सालीं न्यूयॉर्क येथें गुरांच्या डोळ्यांतील याच पिंडांतून प्रथम वेगळें केलें. तंतूंचें जाळें पिंडास आकार देतें. आम्ल पाणी धरून ठेवून तें जाळें फुगवितें व ताणतें.

घन पदार्थ दाबला असतां परत उसळतो, द्रव वाहून जातो. हा पिंड दोन्ही करितो. म्हणून नमुना दोन तबकड्यांमध्यें ठेवून एक तबकडी अगदीं थोड्या कोनांतून मागेंपुढें हालवितात. लागणारें बल तबकडीच्या सरकण्याबरोबर कमीअधिक झालें तर तो स्थितिस्थापकतेचा अंश. सरकण्याच्या वेगाबरोबर झालें तर चिकटपणाचा. युक्ति सोपी, पण पिंड बुळबुळीत! तबकडी नुसती घसरते व यंत्र खोटा अंक दाखवितें. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनीं तबकड्यांस बारीक दांते बसवून ही घसरण थांबविली. २००८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेले अंक विचार करावयास लावणारे आहेत. डुकराच्या ताज्या पिंडाची स्थितिस्थापकता सुमारें १० पास्कल. पण ती उतरत उतरत ३ च्याही खालीं येऊन स्थिरावली. गुरांच्या डोळ्यांत ती ३२ वरून ७ च्या आसपास आली. (१० पास्कल म्हणजे एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब, रबराचा हाच अंक लाखांच्या घरांत जातो.) बाहेर काढतांच पिंड पाणी सोडतो व ताणलेले तंतु सैल पडतात. म्हणजे उशिरां घेतलेला अंक डोळ्यांतील पिंडाचा नव्हेच, बशींत उरलेल्या चोथ्याचा.

हा खटाटोप कशासाठीं? वयाबरोबर हें जाळें ठिकठिकाणीं विरघळतें, तंतूंचे पुंजके तरंगतात आणि पांढऱ्या भिंतीकडे पाहतां माशा उडाल्याचा भास होतो. चाळिशीनंतर माझाही या माशांशीं परिचय झाला आहे. बहुतेकांस त्यांपासून अपाय नाहीं. परंतु पिंड आकसून सुटतांना दृष्टिपटलास ओढ बसली तर तें फाटतें, फटींतून पाणी शिरून पटल सुटतें व दृष्टि जाऊं शकते. यासाठीं एकाएकीं पुष्कळ माशा किंवा विजेसारखे लखलखाट दिसूं लागल्यास त्याच दिवशीं नेत्रवैद्यास दाखवावें. रॉबर्ट माखेमर यांनीं १९७० सालीं लहानशा छिद्रांतून पिंड काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पटल सुटलेलें असल्यास त्यानंतर पोकळींत वायु अथवा सिलिकॉन तेल भरतात. तेल पाण्याहून हजारपट वा अधिक चिकट खरें, पण मूळ पिंडाची उसळी त्यास नाहीं आणि बहुधा पुढें तें काढावें लागतें. त्या जागीं टिकेल असा पदार्थ घडवावयाचा तर कोणत्या अंकाशीं मेळ घालावयाचा, हें आधीं कळलें पाहिजे.

यंदा बकऱ्याचा डोळा कापल्यावर तो गोळा चाळणीवर ठेवून दर ५ मिनिटांनीं त्याचें वजन घ्यावयाचें वर्गानें ठरविलें आहे. तागडी धरण्याचें काम त्या मागील बांकावरील विद्यार्थ्याकडे आहे.