पंच नसलेली शर्यत

जत्रेच्या दिवशी गावात होणारी सायकलींची शर्यत तुम्ही पाहिली असेल. देवळापासून निघायचे, फाट्यावरच्या वडाला वळसा घालायचा आणि परत यायचे. वडाखाली एक पंच खुर्ची टाकून बसवलेला असतो. तो का बसवतात हे सांगायला नको. तो नसला तर दोन-चार गडी अर्ध्या वाटेवरूनच माघारी फिरतील!

आता अशी कल्पना करा की तो वड 4000 किलोमीटर दूर आहे. मधे अनेक देश आहेत, डोंगर आहेत, भाषा दर दोन दिवसांनी बदलते आहे. रस्ता ज्याचा त्याने शोधायचा आणि वाटेत पंच म्हणून कोणी नाही. अशी शर्यत युरोपात 2013 पासून, साथीची 2020 आणि 2021 ही दोन वर्षे सोडली तर, होत आली आहे. तिचे नाव ट्रान्सकॉन्टिनेन्टल रेस. माइक हॉल नावाच्या इंग्रज सायकलस्वाराने ती सुरू केली. पहिल्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावरून निघून इस्तंबूलला पोहोचायचे होते. पुढे निघण्याची आणि पोहोचण्याची ठिकाणे बदलत गेली, पण शर्यतीचा गाभा तोच राहिला. बरोबर मोटार नाही, मदतनीस नाही. सायकलीवर बांधून नेता येईल तेवढेच सामान. वाटेत खायचे ते दुकानातून विकत घ्यायचे, झोपायचे ते खोली भाड्याने घेऊन किंवा सरळ रस्त्याकडेला. घड्याळ मात्र झोपेतही चालूच असते. आणि इतके करून पहिल्या येणाऱ्याला रोख बक्षीस काहीही नाही.

स्वतःचे स्वतः करायचे, हा नियम फार जुना आहे. फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत, तूर द फ्रान्स, पूर्वी अशाच कडक नियमाने चालत असे. 1913 साली पिरेनीज पर्वतातल्या तुर्माले घाटात युजेन क्रिस्तोफ या स्पर्धकाच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. दुसरी सायकल घेता येत नव्हती. गड्याने सायकल खांद्यावर टाकली आणि घाट उतरून तो सेंत-मारी-द-कांपां या खेड्यात आला. तिथे लोहाराची भट्टी होती. पण दुरुस्तीला दुसऱ्याचा हात लागता कामा नये, असा नियम! शर्यतीचे अधिकारी उभे राहून पाहत होते. क्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवले, स्वतः घण मारला आणि चिमटा जोडला. दोन हात कामात गुंतलेले, तेव्हा भाता कोण ओढणार? तेवढे काम तिथल्या एका पोराने केले. एवढ्यासाठी क्रिस्तोफला 10 मिनिटांचा दंड झाला, तो पुढे 3 मिनिटांवर आणला म्हणतात. त्याचे काही तास तर आधीच गेले होते. आज त्या गावात या प्रसंगाची आठवण म्हणून फलक लावलेला आहे.

ही गोष्ट ऐकून तुम्हाला त्या अधिकाऱ्यांचा राग येईल. मलाही येतो. पण त्याआधी नऊ वर्षांपूर्वी काय घडले होते तेही पाहा. 1904 च्या शर्यतीत काही जण आगगाडीत बसून पुढे गेले, इतरही पुष्कळ लबाड्या झाल्या. वर्षअखेरीस पहिले चारही जण बाद ठरवण्यात आले आणि पाचवा आलेला एकोणीस वर्षांचा आंरी कोर्ने विजेता झाला. भात्यावरच्या पोरापर्यंत नजर पोहोचली, ती असल्या अनुभवामुळे.

आजच्या शर्यतीत भात्याचा प्रश्न फारसा येत नाही. कारागिराकडून पैसे देऊन दुरुस्ती करून घ्यायला मोकळीक आहे, कारण ते दुकान सगळ्यांनाच उघडे असते. आजचा खरा प्रश्न रस्त्याचा आहे.

सुरुवात, शेवट आणि मधली थोडी तपासणी-ठाणी ठरलेली असतात. ठाण्याजवळचा काही भाग कधी नेमून दिलेला असतो. बाकी वाट मोकळी. स्पर्धक महिनोन्‌महिने नकाशे घेऊन बसतात आणि कुठे चढ कमी, कुठे अंतर कमी याचा हिशेब करतात. पण काही रस्ते निषिद्ध असतात, आणि हे निषेध एकाच जातीचे नाहीत.

पहिला निषेध कायद्याचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकल नेता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पुण्याला सायकलीने जायचे तर पनवेल, खोपोली, लोणावळा असा जुना रस्ता धरावा लागतो. युरोपातले मोठे मोटाररस्ते असेच आहेत. परंतु तिथे त्याखालच्या दर्जाचेही काही रस्ते फक्त मोटारींसाठी राखलेले असतात. निळ्या पाटीवर पांढरी मोटार काढलेली असली की सायकलवाल्याने वळावे. जर्मनीत ताशी 60 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाऊ शकणाऱ्या वाहनांनाच अशा रस्त्यावर प्रवेश आहे. उलट, निळ्या वर्तुळात पांढरी सायकल दिसली तर बाजूच्या सायकलमार्गानेच गेले पाहिजे, मोठ्या रस्त्यावर राहता येत नाही. म्हणजे कुठून जाऊ नये एवढेच कायदा सांगत नाही, कुठून जावे हेही सांगतो. शिवाय देश बदलला की खुणांचा अर्थही थोडाफार बदलतो. शर्यतीसाठी रस्ता बंद ठेवलेला नसतो. कायद्याच्या नजरेत हे लोक स्पर्धक नाहीतच. दूध घालायला निघालेल्या माणसाला जे नियम, तेच त्यांना.

दुसरा निषेध आयोजकांचा, आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे. काही रस्ते असे असतात की कायदा सायकलीला अडवत नाही, पण तिथे जाणे म्हणजे जीव मुठीत धरणे. अरुंद रस्ता, कडेला पट्टी नाही, मालमोटारींची रांग, किंवा अंधारा लांब बोगदा. आयोजक अशा रस्त्यांची यादी आधीच जाहीर करतात. त्यावरून गेलात तर वेळेचा दंड, अपराध मोठा असेल तर क्रमवारीतून बाहेर.

आता तुम्ही म्हणाल, ज्याचा जीव त्याला प्यारा. मोठ्या माणसांना बोट धरून का चालवायचे? धोक्याचा रस्ता ज्याला नको तो घेणार नाही!

इथेच खरी गोम आहे. हे रस्ते धोक्याचे तर असतातच, पण जवळचेही असतात. नवा मोठा रस्ता बांधताना इंजिनिअर डोंगर फोडतो, बोगदा काढतो, चढ सौम्य करतो. जुना रस्ता मात्र डोंगराच्या माथ्यावरून नागमोडी जातो. समजा, बोगद्यातून 5 किलोमीटर आणि खिंडीवरून 25, तेही चढाचे. बोगद्यातून जाणारा दीड-दोन तास वाचवील. मग पुढच्या वर्षी सगळे काय करतील? ज्याला भीती वाटते तोही बोगद्यात शिरेल, कारण शहाणपणाने वागला तर मागे पडेल. म्हणजे ज्याचा जीव त्याने सांभाळावा, ही मोकळीक शर्यतीत मोकळीक राहतच नाही. एकाने धोका पत्करला की तो सगळ्यांवर लादला जातो. यादीत नाव घातले की तो रस्ता घेण्यात फायदा उरत नाही. मला वाटते, या नियमाचे खरे काम धोका पत्करण्यातला नफा काढून टाकणे हेच आहे. पकडणे आणि शिक्षा करणे हे त्यानंतरचे.

पण पकडतात कसे? प्रत्येक स्पर्धकाकडे उपग्रहाशी बोलणारे एक लहानसे यंत्र असते. ते थोड्या थोड्या वेळाने त्याचा ठावठिकाणा कळवते आणि नकाशावर ठिपका उमटतो. घरी बसलेले हजारो हौशी लोक रात्र रात्र हे ठिपके पाहत असतात. एखाद्याचा ठिपका मोटाररस्त्यावर दिसला की लगेच बोंब! इथे जपून बोलले पाहिजे. दोन ठिपक्यांमध्ये तो कुठून गेला हे यंत्र सांगत नाही, नकाशा तिथे नुसती सरळ रेघ ओढतो. पुष्कळ ठिकाणी जुना रस्ता नव्या रस्त्याला अगदी खेटून जातो. मग बिचारा जुन्या रस्त्याने निमूट चाललेला असतो आणि ठिपका मात्र पलीकडच्या मोटाररस्त्यावर पडतो. म्हणून आपल्या प्रवासाचा पुरावा स्वतः जपून ठेवावा, असाही नियम आहे. सायकलीच्या हँडलवरच्या यंत्रातली सलग नोंद अशा वेळी कामी येते.

जाणूनबुजून लबाडी करणारे थोडेच असतात. बहुतेक चुका रात्री तीन वाजता होतात. चार दिवस पुरती झोप नाही, पाटी परक्या लिपीत, पाऊस पडतो आहे आणि साधा रस्ता बघता बघता मोठ्या रस्त्याला जाऊन मिळतो. लक्षात येते तेव्हा दोन किलोमीटर झालेले असतात. अशा वेळी सुरक्षितपणे बाहेर पडायचे, जिथे वाट चुकली तिथे परत यायचे आणि आयोजकांना स्वतः कळवायचे, ही चांगली रीत. अमेरिकेत 2008 पासून टूर डिव्हाइड ही अशीच एक शर्यत होते. कॅनडातल्या बॅन्फपासून न्यू मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सुमारे 4400 किलोमीटर. तिथे वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत आखलेली आहे, आणि ती सुटली तर जिथे सुटली नेमक्या त्याच जागी परत येऊन पुढे जायचे, असा स्पष्ट नियम आहे. थकलेल्या माणसाला मागे वळून दोन किलोमीटर जाणे किती जड वाटते, हे ज्याने भर उन्हात विसरलेली पिशवी आणायला सायकल परत वळवली असेल त्याला विचारा.

नियम पाळले म्हणजे जीव सुरक्षित झाला, असे मात्र समजू नका. 2017 च्या ट्रान्सकॉन्टिनेन्टलमध्ये पहिल्याच रात्री बेल्जियममध्ये एक डच स्पर्धक मोटारीच्या धडकेने गेला. त्याच वर्षी 31 मार्चला स्वतः माइक हॉल ऑस्ट्रेलियात मरण पावला. फ्रीमँटलहून सिडनीपर्यंतच्या, सुमारे 5500 किलोमीटरच्या शर्यतीत तो दुसऱ्या क्रमांकावर होता. कॅनबेराजवळ पहाटेच्या अंधारात त्याला मोटारीची धडक बसली. रस्ता निषिद्ध नव्हता, शर्यतीच्या आखलेल्या मार्गातलाच होता. ती शर्यत तिथेच थांबवण्यात आली. त्याने सुरू केलेली शर्यत मात्र त्याच उन्हाळ्यात झाली आणि पुढेही चालू राहिली. 2019 साली तीत फियोना कोलबिंगर ही चोवीस वर्षांची जर्मन तरुणी सगळ्या स्त्री-पुरुषांत पहिली आली. बल्गेरियातल्या बुर्गासपासून फ्रान्समधल्या ब्रेस्टपर्यंत तिला 10 दिवस 2 तास 48 मिनिटे लागली.

आपल्याकडे या कुळातला जो प्रकार रुजला आहे त्याला ब्रेव्हे म्हणतात. तो शर्यत नाही, पहिला-दुसरा क्रमांक त्यात नसतो. नेमलेल्या मार्गाने 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत, असा मुदतीचा हिशेब असतो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतून हे प्रवास निघतात. हे करून काही जण फ्रान्सच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या 1200 किलोमीटरच्या फेरीलाही जाऊन आले आहेत.

तेव्हा रात्री-अपरात्री तुमच्या गावावरून चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला, पुढे-मागे दिवे लावलेला एखादा सायकलवाला गेला तर तो वाट चुकला आहे असे समजू नका. हॉटेल उघडे असेल तर त्याला चहा विका, पंक्चरवाल्याला उठवून द्या. त्याने दुकानातून घेतलेले, कारागिराकडून पैसे देऊन करून घेतलेले, सगळे नियमात बसते. पण दया येऊन मोटारसायकलीवरून त्याच्या मागे उजेड दाखवत जाऊ नका. मागून येणारी सोबतीची गाडी तपासणी-ठाण्याखेरीज कुठेही चालत नाही, आणि तुमच्या उजेडापायी त्याची सारी रात्र फुकट जाईल. पाण्याचे विचाराल, तर तहानलेल्याला तांब्याभर पाणी द्यायला आपण कधी नियम विचारत नाही. टूर डिव्हाइडवालेसुद्धा आधी न ठरवता, वाटेत आपोआप मिळालेले पाणी घेऊ देतात.