एआयच्या साथीने उद्योग (भाग ६) : लखनौचा कुर्ता आणि त्याची खरी किंमत

लखनौच्या चौक भागात गोल दरवाज्यातून आत शिरले, की दोन्ही हातांना चिकनच्या कपड्यांची दुकाने लागतात. एकाच दांडीवर काहीशे रुपयांचा कुर्ता टांगलेला असतो आणि काही हजारांचाही. दोन्हींवर पांढऱ्या दोऱ्याची फुले, दोन्हींवर वेलबुट्टी. एक यंत्रावर भरलेला, दुसरा हाताने. दुकानात कापड बोटांत धरून, उलटून पाहता येते. नाशिकमध्ये मोबाइलवर तोच कुर्ता पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सोय नाही. फोटोत दोन्ही कुर्ते सारखेच दिसतात आणि मग स्वस्त असेल तोच विकला जातो.

आपला ग्राहक कोण, हे कसे ठरवायचे ते मागच्या भागात पाहिले. त्या ग्राहकाला वस्तूची ओळख कशी करून द्यायची आणि तिची किंमत कशी ठरवायची, हे या भागात पाहायचे आहे. त्यासाठी चिकनकारीइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण, कारण या धंद्यात मालाची गुणवत्ता आणि बाजारातली त्याची ओळख यांत मोठी दरी आहे.

हाताने भरलेला कुर्ता बऱ्याच हातांतून जातो. आधी कापड बेतले जाते, मग लाकडी ठप्प्यांनी त्यावर कच्च्या निळीची नक्षी छापली जाते. त्या निळ्या रेषांवरून भरतकाम होते. ते बहुतेक बायकाच करतात, शहरातल्या मोहल्ल्यांत आणि काकोरी, मलिहाबाद भागांतल्या गावांत, आपापल्या घरी बसून. शेवटी धुलाईत नीळ निघून जाते आणि दोरा तेवढा उरतो. टाक्यांचे प्रकारही पुष्कळ आहेत : साधी धावदोऱ्याची टेपची, कापडाच्या मागून भरून पुढे सावली उमटवणारी बखिया, तांदळाच्या दाण्याएवढी मुर्री, त्याहून बारीक गाठीचा फंदा. जाळीच्या कामात दोरे तोडत नाहीत, सुईने बाजूला सारून कापडातच छिद्रे पाडतात.

एवढे कसब असूनही पैसा कारागिरापर्यंत फार थोडा पोहोचतो, ही या धंद्याची जुनी तक्रार आहे. मुझफ्फर अली यांनी १९८६ साली शबाना आझमी यांना घेऊन काढलेला ‘अंजुमन’ हा चित्रपट याच बायकांवर आहे. त्याआधी, १९८४ साली, रूना बॅनर्जी यांनी ‘सेवा लखनौ’ ही संस्था उभी केली. मधल्या दलालाला वगळून बायकांनी थेट बाजारात यावे, हा तिचा रोख होता. पुढे २००७ साली बॅनर्जी यांना पद्मश्री मिळाली. ‘लखनौ चिकन क्राफ्ट’ला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले आणि २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत लखनौसाठी चिकनकारी व जरी-जरदोजीची निवड केली. नाव झाले, मोबाइलही हातात आला. आता त्या मोबाइलमध्ये वर्णन लिहिणारा, हिशेब मांडणारा आणि भाषांतर करणारा मदतनीसही आहे. त्याच्याकडून काम करून घ्यायला शिकले पाहिजे.

पहिले काम : नोंद

चॅटबॉटकडे जाण्याआधी स्वतःची वही हवी. जगभरात छापून आलेल्या मजकुरावर ही साधने पोसली आहेत. अमुक घरातल्या बाईने अमुक कुर्ता किती दिवसांत भरला, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक असणे शक्य नाही. ती माहिती कारागिराच्या तोंडी असते आणि ती टिपून घेणे हेच उद्योजकाचे पहिले काम.

लखनौला अशा कामाची मोठी परंपरा आहे आणि ती एका मराठी माणसाने घालून दिली आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी संगीताच्या घराण्यांतल्या उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या, छापल्या, आणि १९२६ साली याच शहरात मॅरिस कॉलेज सुरू झाले ते याच खटपटीतून. आज ते भातखंडे संस्कृती विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तोंडी विद्या नीट टिपली गेली, म्हणून ती पुढच्या पिढीला वर्गात बसून शिकता आली.

चिकनच्या व्यावसायिकाला एवढी यातायात पडत नाही. कारागीर महिलेशी बोलताना तिची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज मुद्रित करावा आणि त्याचा मजकूर एआयकडून उतरवून घ्यावा. हिंदीत हे चांगले जमते. बोली अवधी असेल तर चुका जास्त होतात, तेव्हा मजकूर तिला वाचून दाखवावा. प्रत्येक नगासाठी सहा गोष्टी टिपल्या तरी पुरे : कापड, टाके, भरणाऱ्या हाताचे गाव, लागलेले दिवस, धुण्याची पद्धत आणि प्रत्येक टप्प्याचा खर्च.

दुसरे काम : वर्णन

‘चिकनच्या कुर्त्याचे छान वर्णन लिही’ असे सांगितले, की नवाबी थाट, परंपरेचा स्पर्श, प्रत्येक प्रसंगाला शोभणारा असले शब्द हमखास येतात. त्यात खोटे काही नसते, पण तेच वर्णन यंत्रावरच्या कुर्त्यालाही चालते. म्हणजे ज्या फरकासाठी गिऱ्हाइकाने जास्त पैसे मोजायचे, तो फरक वर्णनात आलेलाच नसतो.

आता वहीतली माहिती देऊन हीच सूचना अशी लिहिता येते :

‘खाली एका कुर्त्याची माहिती आहे. सुती मलमल, रंग फिकट हिरवा. गळ्याभोवती मुर्री आणि फंदा, बाह्यांवर जाळी. भरतकाम काकोरीजवळच्या गावात, सात दिवस, एकाच हाताचे. थंड पाण्यात हाताने धुवावा. पुण्या-मुंबईच्या, ऑनलाइन कापड घेणाऱ्या ग्राहकासाठी ऐंशी शब्दांत मराठी वर्णन लिही. दिलेल्या माहितीबाहेरचे काहीही घालू नकोस. हाताचे काम कसे ओळखावे, यावर एक वाक्य दे.’

शेवटच्या दोन वाक्यांवर सारी मदार आहे. ती घातली नाहीत, तर साधन आपल्या मनाने ‘शुद्ध रेशीम’ किंवा ‘जीआय प्रमाणित’ लिहून मोकळे होते. घातली तरी आलेला मजकूर ओळीओळीने तपासावाच लागतो. भौगोलिक मानांकन हे जाहिरातीत शोभेला लावायचे विशेषण नव्हे. ते वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि मानांकनाचा खोटा वापर केल्यास १९९९ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मजकूर एआयने लिहिला होता, ही सबब विक्रेत्याला वाचवणार नाही.

फोटोलाही हेच लागू पडते. मागची पसाऱ्याची भिंत काढून टाकणे, प्रकाश थोडा वाढवणे, इतपत एआयची मदत घ्यायला हरकत नाही. कुर्ता मॉडेलच्या अंगावर चढवून दाखव म्हटले, की साधन अनेकदा नक्षी स्वतःच नव्याने रेखाटते. हाताची मुर्री किंचित लहानमोठी असते. पडद्यावर मात्र सगळे दाणे एकसारखे, साच्यातून काढल्यासारखे दिसू लागतात. म्हणजे हाताच्या कामाची खूणच पुसली जाते आणि गिऱ्हाईक जे पाहते ते त्याच्या घरी पोहोचत नाही.

म्हणून प्रत्येक नगाचे तीन फोटो खरेच हवेत : पूर्ण कुर्ता, टाक्यांचा जवळून काढलेला फोटो आणि कापडाची उलटी बाजू. उलट्या बाजूवरून जाणकार बरेच काही ओळखतो. लखनौच्या नसीम बानो यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली ती ‘अनोखी चिकनकारी’साठी. ही कला त्या वडिलांकडून, हसन मिर्झा यांच्याकडून शिकल्या. या प्रकारात टाका कापडाच्या मागच्या बाजूला दिसत नाही. असे काम विकायचे, तर कोरी उलटी बाजू दाखवणाऱ्या फोटोहून मोठी जाहिरात नाही.

तिसरे काम : किंमत

एआय सर्वांत जास्त उपयोगी पडते ते इथे, आणि नेमके इथेच ते फारसे वापरले जात नाही. उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. कापड ३५० रुपये, शिलाई १५०, छपाई ३०, भरतकाम ७००, धुलाई ५०, इस्त्री आणि पॅकिंग ४०, कुरिअर ९०, परत येणाऱ्या मालाची तरतूद १००. बेरीज १,५१० रुपये. कर बाजूला ठेवून विक्रीची किंमत २,००० ठरवली, तर हातात ४९० उरतात.

हे आकडे चॅटबॉटला देऊन विचारावे : सणाला २० टक्के सूट दिली तर काय होईल? विक्री १,६०० ला होते आणि उरतात फक्त ९० रुपये. जाहिरातीवर नगामागे शंभर रुपये गेले, की धंदा तोट्यात. सूट जाहीर करण्याआधी हे कळणे आणि महिनाअखेरीस कळणे, यांत फार अंतर आहे.

आता दुसरा प्रश्न विचारावा. ७०० रुपये सात दिवसांचे असतील, तर रोजचे किती झाले? शंभर. हा रोज ३०० करायचा ठरवला, तर भरतकाम २,१०० वर जाते आणि एकूण खर्च २,९१० वर. किंमत साडेतीन हजारांच्या घरात न्यावी लागते. तिथे आणखी एक अडचण उभी राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत पाच टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे १८ टक्के. साडेतीन हजारांवर तो ६३० रुपये होतो. कारागिराला बरा रोज देणारा कुर्ता असा वरच्या करात जाऊन बसतो.

याच मुद्द्यावर चॅटबॉटची परीक्षाही घेता येते. जुन्या माहितीवर शिकलेले साधन आजही हजार रुपयांची मर्यादा आणि १२ टक्के दर सांगू शकते, तेही ठाम स्वरात. कर, कर्ज आणि कायदा या तिन्ही बाबतींत त्याचे उत्तर सरकारी संकेतस्थळावर किंवा सनदी लेखापालाकडून पडताळल्याशिवाय वापरू नये.

बाजार

वर्णन, फोटो आणि किंमत तयार झाली, की ती व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये जाते आणि पुढे ऑनलाइन बाजारांत. एकच वर्णन मराठी, गुजराती, बंगालीत करून घेणे एआयला मिनिटांचे काम आहे. त्या त्या भाषेच्या ओळखीच्या माणसाकडून ते एकदा वाचून घेतले, की झाले. कारागिरांशी होणाऱ्या व्यवहारातही ही सोय वापरता येते, कारण २०२४ च्या जूनपासून गूगल ट्रान्सलेटमध्ये अवधीही आहे. ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर मात्र चॅटबॉटमध्ये टाकू नयेत.

सरकारी मदतही आहे. उत्तर प्रदेशात जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा उद्यमी योजनेत पाच लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळते, आणि त्याच वर्षीच्या ‘एआय प्रज्ञा’ कार्यक्रमात दहा लाख लोकांना एआयचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. कर्जासाठी लागणारा प्रकल्प अहवाल एआयकडून नीटनेटका करून घेता येतो, पण त्यातले आकडे वहीतूनच आले पाहिजेत.

पैठणी, सोलापुरी चादर, कोल्हापुरी चप्पल किंवा घरगुती मसाले विकणाऱ्या वाचकांनी या आठवड्यात एकच वस्तू निवडावी आणि वर सांगितलेल्या सहा नोंदी कराव्यात. खर्चाचा तक्ता मांडताना पहिली ओळ मजुरीची लिहावी, आणि ती लिहिण्याआधी किती दिवस लागले ते कारागिरालाच विचारावे. परत आलेला माल आणि ग्राहकांच्या तक्रारी एआयच्या मदतीने कशा हाताळायच्या, ते पुढच्या भागात पाहू. त्या वेळी हा तक्ता हाताशी असू द्यावा.